थर्मल दुर्बिणीतून रात्रीचा कोल्हा: ३८४ घ्यावी की ६४०? आणि झीरो का सरकतोय?

ओलं_कुरण (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुक्काम वेल्समधल्या डोंगराळ भागात, मेंढ्यांच्या फार्मवर. ४०० च्या आसपास मेंढ्या, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्यायला सुरुवात. जुळ्या-तिळ्यांच्या मेंढ्या शेडमध्ये, एकेकटं कोकरू असलेल्या उघड्यावर. उघड्यावरची कोकरं पहिल्या दोन दिवसांत जातात, आणि मालक म्हणतो कोल्हाच. रायफल .२२३, पोलिसांच्या परवान्यात कोल्ह्यासाठी नोंद आहे, जमिनीची लेखी परवानगी आहे. तो भाग स्वच्छ आहे.

प्रश्न असे:

१. सध्याची थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी दुर्बीण, ३८४×२८८ पिक्सेलची, भिंग ३५ मिमी, पिक्सेल १२ मायक्रॉनचा. दुकानदार म्हणतो ६४० घ्या, कोल्हा दुप्पट स्पष्ट दिसेल. खरं का?

२. खोक्यावर १,८०० मीटर लिहिलंय. २५० मीटरवर कोल्हा आहे की बॅजर (बिळात राहणारा इथला बुटका निशाचर प्राणी) हेच कळत नाही. यंत्रात बिघाड आहे का?

३. १०० मीटरवर झीरो केला, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळवली, की बरोबर लागतं. आठ दिवसांनी तपासलं तर ६ सेमी डावीकडे. हे दोनदा झालं.

४. रात्री नक्की कोणत्या क्रमाने काम करता?

---

सहा_पिक्सेल

बिघाड काही नाही. खोक्यावरचा आकडा खोटाही नाही, फक्त तो तुमच्या कामाचा नाही. पाटीवर हिशोब मांडू.

एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचा किती भाग मावतो ते काढायला पिक्सेलचा आकार भागिले भिंगाची फोकल लांबी, गुणिले अंतर. १२ मायक्रॉन आणि ३५ मिमी धरले तर १०० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे ३.४ सेमी. २०० वर ६.९, ३०० वर १०.३. लाल कोल्ह्याचं अंग शेपूट सोडून साधारण ६५-७० सेमी लांब, खांद्याशी उंची ३५-४० सेमी. म्हणजे १०० मीटरवर तो २० पिक्सेल लांब आणि ११ उंच. २०० वर १० बाय ५. ३०० वर सहा-सात बाय तीन-चार. पाय जेमतेम ३ सेमी जाड, त्यामुळे २०० मीटरवर एक पाय अर्ध्या पिक्सेलहूनही कमी. तो दिसत नाही, आजूबाजूच्या गवतात विरघळतो. बॅजर आणि कोल्हा यांत फरक करायला पायच लागतात, आणि तेच गायब.

आता १,८०० मीटर. हा आकडा सहसा उभ्या माणसासाठी काढलेला असतो. तिथे एक पिक्सेल सुमारे ६२ सेमीचा, म्हणजे माणूस उंचीला तीन पिक्सेल. "काहीतरी गरम आहे" एवढं कळायला दोन-तीन पिक्सेल पुरतात. "चार पायांचं जनावर आहे" म्हणायला सहा-आठ लागतात. "हा कोल्हाच" म्हणायला बारा-तेरा. हा ठोकताळा जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जातो आणि पन्नासच्या दशकापासून वापरात आहे. तो कोल्ह्याच्या लांबीवर लावला तर तुमच्या यंत्राची ओळख फार तर १५०-१६० मीटरपर्यंत. त्यापुढे अंदाज, आणि अंदाजावर चाप ओढायचा नसतो.

६४० बद्दल. पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि भिंग ३५ चंच असेल तर कोल्हा एका पिक्सेलनेही मोठा होत नाही. वाढते ती रुंदी. तुमच्या ३८४ मधून १०० मीटरवर १३ मीटर रुंद पट्टा दिसतो, ६४० मधून २२ मीटर. कोल्हा मोठा व्हायला भिंग मोठं लागतं. ५० मिमीला १०० मीटरवर पिक्सेल २.४ सेमीचा, ओळखीची हद्द सव्वादोनशेच्या घरात जाते. पण ३८४ ला ५० चं भिंग लावलं की पट्टा नऊ-सव्वानऊ मीटरच उरतो आणि पळतं जनावर चौकटीतून निसटतं. ६४० चे पैसे मोजायचे तर ५० च्या भिंगासोबत मोजा, तिथे १५ मीटरचा पट्टा मिळतो. ६४० आणि २५ मिमी हे हातातल्या टेहळणी यंत्राला उत्तम, रायफलवर नको.

डिजिटल झूमने पिक्सेल वाढत नाहीत, तेच फुगतात. चार पट झूम करून "आता दिसला" वाटतं ते मनाचे खेळ.

एनईटीडी, म्हणजे यंत्र तापमानातला किती बारीक फरक पकडतं तो आकडा, मिलिकेल्विनमध्ये असतो आणि जितका लहान तितका चांगला. कोरड्या थंडीत ४० आणि २० मध्ये फारसा फरक जाणवणार नाही. वेल्समध्ये कोरडी थंडी किती रात्री असते ते तुम्हीच सांगा. दिवसभर पाऊस पडून दगड, गवत, कुंपण सगळं एकाच तापमानाला आलं की चित्र राखाडी लापशी होतं. त्या रात्री २० वालं यंत्र जमिनीचा उतार दाखवतं आणि ४० वालं दाखवत नाही. उतार का दिसायला हवा ते पुढे कुणीतरी लिहीलच.

---

घोड्याची_नाल

पुढचं मी लिहितो, पण आधी प्रश्न ३.

६ सेमी म्हणजे तुमच्या यंत्राचे जेमतेम पावणेदोन पिक्सेल. दोन शक्यता आधी तपासायच्या.

पहिली, प्रोफाइल. बहुतेक थर्मलमध्ये झीरोचे तीन-पाच कप्पे असतात, वेगवेगळ्या रायफलींसाठी. बटण चुकून दाबलं गेलं, किंवा सॉफ्टवेअर नवं चढवलं, की कप्पा बदलतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या एका अक्षराखेरीज काही कळत नाही. झीरो झाला की आडवे-उभे आकडे कागदावर लिहा आणि तो कागद रायफलच्या पेटीत चिकटवा. आठ दिवसांनी आकडे तेच असतील तर दोष लोखंडात, वेगळे असतील तर बटणात.

दुसरी, माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलवर धरणारी बैठक. दिवसाची दुर्बीण काढून रात्री थर्मल चढवत असाल तर रेलच्या, म्हणजे रायफलवरच्या खाचांच्या पट्टीच्या, त्याच खाचेत बसवता का? बसवताना पुढे ढकलून मग आवळायचं. खाचेत तसूभर जागा असते, धक्क्याने माउंट सरकतं ते त्या जागेत. स्क्रू टॉर्कच्या पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाला. "हाताला घट्ट लागलं" हे माप नव्हे. आणि फक्त वरचे कड्यांचे स्क्रू आवळून भागत नाही, रेल ज्या स्क्रूंनी रायफलला धरली आहे ते महिनोन्महिने कुणी बघत नाही.

तिसरी शक्यता, मॉडरेटर, म्हणजे नळीच्या तोंडावरचा आवाज दाबणारा नळकांडा. साफसफाईला काढून परत लावला आणि अर्धा आटा कमी बसला तर गोळी दुसरीकडे जाते. काडतुसांची खेप बदलली तरी तेच.

चौथी गोष्ट मात्र थर्मलचीच आहे आणि लोक तिथेच फसतात: निशाणी. पुठ्ठ्याच्या मागे हात गरम करायची पुडी चिकटवली की पहिली पाच मिनिटं ठिपका टोकदार असतो. मग उष्णता पुठ्ठ्यात पसरते, कधी एका बाजूला जास्त, कारण पुडीतली भुकटी खाली बसते. अर्ध्या तासाने तुम्ही ज्याला मध्य समजता तो मध्य नसतो. उपाय असा:

जाड पुठ्ठा किंवा पातळ लाकडी फळी घ्या. तिच्यात ३ सेमीचा चौकोन कापून भोक पाडा. पुडी फळीला न चिकटवता मागे दोन बोटं अंतरावर टांगा. भोकातून गरम चौकोन दिसतो, कडा फळीच्या, त्या हलत नाहीत. याच्या उलट उपाय म्हणजे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चांदी, म्हणजे फॉइल. ३ सेमीचा तुकडा फळीवर चिकटवून फळी किंचित मागे कलवा. चांदी थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवते आणि थर्मलमध्ये काळीकुट्ट दिसते. ढगाळ रात्री आकाश गरम असतं, तेव्हा हे नीट जमत नाही, पण पुडीची कटकट नाही.

मग तीन गोळ्या, प्रत्येकीमध्ये नळी निवू द्या. तिन्हींचा मध्य धरा, एकीच्या मागे धावू नका. यंत्रात फ्रीझ, म्हणजे चित्र गोठवायची सोय, असेल तर नेम मूळ चौकोनावर ठेवून चित्र गोठवा, क्रॉस गोळ्यांच्या मध्यावर न्या, जतन करा, आणि परत तीन गोळ्यांनी खात्री करा. ही शेवटची पायरी गाळली तर बाकीचं सगळं फुकट. जतन करताना झूम एकपटच ठेवा.

.२२३ च्या ५५ ग्रेन (साडेतीन ग्रॅम) वजनाच्या गोळीला १०० मीटरवर झीरो केला तर २०० वर सात-आठ सेमी खाली जाते. तुमची नळी किती लांब, दुर्बीण किती उंच, यावर हा आकडा हलतो. तेव्हा माझा घेऊ नका, २०० वर कागद लावून स्वतःचा काढा. वरच्या प्रतिसादातला हिशोब पाहता २०० च्या पुढे जायचं कारणच नाही.

---

मागे_माती

प्रश्न ४. ह्या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा हाच, पिक्सेल नंतर.

थर्मल काय दाखवत नाही ते आधी पाठ करा. तार दाखवत नाही. जनावराच्या पुढ्यातलं गवत आणि काटकी बरेचदा दाखवत नाही, आणि .२२३ ची हलकी गोळी काटकीला लागली की फुटते किंवा कुठेही जाते. काचेतून तर दिसतच नाही: लांब लहरींचं अवरक्त काचेतून जात नाही, म्हणून गाडीची काच खाली केल्याशिवाय काळोख. आणि मुख्य म्हणजे खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, दाखवत नाही. टेकडीच्या माथ्यावरचा कोल्हा आणि टेकडीच्या पोटावरचा कोल्हा थर्मलमध्ये सारखेच दिसतात. पहिल्याच्या मागे आकाश, त्यामागे पलीकडच्या दरीतलं घर. दुसऱ्याच्या मागे गोळी अडवणारी माती. आकाश स्वच्छ असेल तर गडद दिसतं आणि फरक कळतो. ढग असले की आकाश आणि डोंगर एकाच राखाडी रंगाचे. एनईटीडीचा उपयोग तो इथे.

म्हणून काम दिवसा सुरू होतं. जिथे उभं राहणार त्या दोन-तीन जागा ठरवा. प्रत्येक जागेवरून दिवसाउजेडी लेझरने अंतरं मोजा: फाटकाचा खांब ११०, एकटं झाड १४५, पाण्याचं टाकं १८०. एका कार्डावर घड्याळाच्या तबकडीसारखं चित्र काढा आणि ज्या दिशेला मागे माती नाही तो तुकडा लाल पेनाने बंद करा. त्या तुकड्यात कोल्हा नाचला तरी गोळी नाही. अंतराचा अंदाज थर्मलमध्ये सपशेल चुकतो. पावसात-धुक्यात लेझरही दगा देतो, थेंबावरून परतून ४० मीटर सांगतो. कार्ड भिजत नाही असं करा, प्लास्टिकमध्ये घाला.

वेल्समध्ये डोंगरावरची बरीच जमीन कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे ॲक्ट २००० खाली पायी फिरायला खुली आहे. रात्रीसुद्धा. तंबू टाकून झोपलेला माणूस थर्मलमध्ये दिसेलच असं नाही, तंबूचं कापड बाहेरच्या हवेच्या तापमानाला असतं. पायवाटा नकाशावर बघा. रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत गोळीबार करून कुणाला धोका किंवा अडथळा झाला तर हायवेज ॲक्ट १९८० चं कलम १६१ लागतं. शेजारच्या फार्मला सांगा. पोलिसांच्या बिगर-तातडीच्या १०१ नंबरवर आधी कळवून ठेवणं सक्तीचं नसलं तरी बरेच जण करतात. कुणी शेजारी "बंदुकीचा आवाज आला" म्हणून फोन केला तर निदान तुमची नोंद तिथे असते.

रात्री: टेहळणी हातातल्या यंत्राने. रायफलवरच्या दुर्बिणीतून कुरण चाळायचं नाही, कधीच नाही. तसं केलं की प्रत्येक मेंढी, प्रत्येक माणूस, प्रत्येक कुत्रा तुमच्या नळीसमोर येतो. एकच थर्मल परवडत असेल तर आधी हातातलं घ्या आणि रायफलला साधं डिजिटल नाइट व्हिजन लावा.

वारा तोंडावर घ्या. कोल्हा आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखालून येतो, म्हणून पाठीकडची बाजू दर मिनिटाला बघा. ओठांनी उंदराचा चीं-चीं आवाज दोन-तीन वेळा, मग गप्प. पंधरा-वीस मिनिटं थांबा. सारखा आवाज काढत राहिलं तर शहाणा कोल्हा शिकतो, आणि शिकलेला कोल्हा पुढच्या सगळ्या हंगामात तुम्हाला छळतो.

ओळख. कोल्हा थर्मलमध्ये: चेहरा आणि पाय झगझगीत, अंग फिकं, शेपूट बरेचदा दिसतच नाही, कारण केसांच्या गोधडीत उष्णता अडकलेली असते. शेपूट नाही म्हणून कोल्हा नाही असं समजू नका. चाल हलकी, एका रेषेत, मध्येच थांबून कान टवकारणं, उंदरावर उडी. बॅजर: बुटका, रुंद, डोकं जमिनीला, चालताना पोतं ओढल्यासारखा झोलतो. त्याला प्रोटेक्शन ऑफ बॅजर्स ॲक्ट १९९२ चं संरक्षण आहे, तिथे चुकीला माफी नाही. ससा बसला की गोळा, हलला की उड्या आणि कान. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असेल तर मानेवर काळी रेघ दिसते, ती शोधा. थर्मलमध्ये डोळे चमकत नाहीत, टॉर्चवाल्या जुन्या लोकांची ती खूण इथे चालत नाही. आणि कोकरू. आईपासून तुटलेलं, पडत-धडपडत चाललेलं कोकरू २०० मीटरवरून हुबेहूब कोल्हा. कोकरांच्या मोसमात ही सगळ्यात महाग चूक.

---

सहा_पिक्सेल

+१, एक सोडून. रायफलवर नाइट व्हिजन आणि हातात थर्मल ही जोडी मलाही पटते, पण "साधं" म्हणू नका. नाइट व्हिजनला अवरक्त टॉर्च लागतो. ८५० नॅनोमीटरचा असेल तर तोंडाशी मंद लाल ठिणगी दिसते आणि टॉर्चला सरावलेला कोल्हा ती बघून फिरतो. ९४० चा दिसत नाही, पण त्याचा पल्ला बराच कमी पडतो. धुक्यात दोन्ही टॉर्च पांढरी भिंत उभी करतात. धुक्याच्या रात्री थर्मलचा पल्लाही घटतो, पण निदान भिंत नाही.

---

मागे_माती

भिंत दिसली की घरी जायचं. धुक्यात मागची मातीही दिसत नाही. मला तरी तो नाइट व्हिजनचा फायदाच वाटतो, ते खोटं बोलत नाही. शिवाय तार दिसते, गवत दिसतं, कोकराच्या अंगावरचा रंगाचा आकडा दिसतो.

---

दाई_मेंढपाळ

मी पशुवैद्यक बाजूने लिहिते. रायफल बाहेर काढायच्या आधी मेलेलं कोकरू उघडून बघा. "मालक म्हणतो कोल्हाच" हा पुरावा नाही. उघड्यावर पहिल्या ४८ तासांत कोकरं मरतात ती मुख्यतः गारठ्याने, उपासाने आणि अवघड बाळंतपणाने. कोल्हा बरेचदा मेलेलंच उचलतो.

हातमोजे घाला. गरोदर बाईने या कामाच्या आसपासही जाऊ नये, मेंढ्यांच्या गर्भपाताचे काही जंतू माणसालाही लागतात.

खुरं बघा. जन्मतः खुरांच्या टोकाला पिवळट, मऊ, रबरासारखं आवरण असतं. ते शाबूत असेल तर कोकरू उभंच राहिलं नाही. फुफ्फुसाचा बोटभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. बुडाला तर श्वास घेतला नव्हता, पोटात किंवा बाळंतपणातच गेलं. पोट उघडा: घट्ट झालेलं दूध आहे की रिकामं? मूत्रपिंडाभोवतीची चरबी पांढरट आणि भरीव असेल तर कोकराकडे शिदोरी होती. तांबूस, जेलीसारखी असेल तर गारठा-उपासाने जाळून टाकली.

मग कातडी मानेपासून सोला. नुसत्या वरच्या भोकांवरून काही ठरत नाही, आतलं बघायचं. दाताच्या खुणांभोवती काळं-लाल साकळलेलं रक्त असेल तर चावा जिवंतपणी पडला. भोकं आहेत पण आतलं मांस स्वच्छ गुलाबी, रक्त नाही, तर ते मेल्यावरचं खाणं. डोळे, जीभ आणि बेंबी गेली असेल तर आधी कावळ्यांकडे बघा. खुणा एकमेकींपासून लांब, मागचे पाय फाडलेले, आणि एकाच रात्री चार-पाच मेंढ्यांचा पाठलाग झालेला दिसला तर कुणाचा तरी कुत्रा.

दहा कोकरांचं असं टिपण करा, तारीख आणि कुरण लिहून. खुरांची आवरणं शाबूत असलेली सहा निघाली तर प्रश्न बाळंतपणाचा, चाऱ्याचा आणि आडोशाचा आहे. थर्मल घेऊन तो सुटणार नाही.

आणि आमिष काढा. वार, म्हणजे व्याल्यावर पडणारी झिल्ली, उचला, मेलेली मेंढी त्याच दिवशी झाकून मेलेली जनावरं नेणाऱ्या संकलकाला बोलवा. वेल्समध्ये फार्मवर पुरायला तशीही बंदी आहे. वार पडलेल्या कुरणात कोल्हा येणारच, आणि वार खायला आलेला कोल्हा बाजूचं अशक्त कोकरूही बघून ठेवतो. व्यायच्या कुरणाला विजेची जाळी लावत असाल तर खालच्या तारांना गवत टेकू देऊ नका. मीटरला ३,००० व्होल्टच्या खाली आलं की जाळी नुसती शोभेची.

वेळेबद्दल एक. कोल्हीचा गर्भ ५२ दिवसांच्या आसपास, जोडी जानेवारीत, पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये. इथे कोल्ह्याला बंदीचा हंगाम नाही, पण एप्रिलमध्ये दूध पाजणारी कोल्ही मारली तर बिळात चार पिल्लं उपाशी मरतात. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. मार्चमध्ये फक्त त्याच कुरणाला चिकटलेल्याचं.

---

घोड्याची_नाल

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुस्ती. मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही. हिवाळ्यात तरुण कोल्हे नव्या जागेच्या शोधात फिरत असतात, ते येऊन बसतात. ऑक्टोबरमध्ये दहा मारून एप्रिलमध्ये "तरी आलेच" म्हणणारे इथूनच चुकतात. आणि फासाचा विचार कुणी सुचवलाच तर: वेल्समध्ये २०२३ पासून फासांना बंदी आहे. कोल्ह्याला विष घालणं तर आधीपासूनच गुन्हा.

---

माळरान_सोलापूर

चांगला धागा. एक शंका, विषयाला थोडी सोडून. आमच्याकडे तुरीत आणि द्राक्षाच्या बागेत कोल्हे फिरतात, खोकडही आहे. उसात बिबट्या शिरला की सगळ्यांची झोप उडते. असं यंत्र आपल्याकडे कामाचं आहे का? कोल्ह्याला मारणं वगैरे नाही, नुसतं बघायला.

---

मागे_माती

आधी नावांचा घोळ. वर आम्ही सगळे ज्याला कोल्हा म्हणतोय तो युरोपातला लाल कोल्हा, आपल्या खोकडाचा थोरला भाऊ. आपल्याकडे ज्याला कोल्हा म्हणतात तो वेगळा, लांडग्या-कुत्र्यांच्या जवळचा. खोकड आणि कोल्हा दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे, त्यामुळे वरचं रायफलचं काहीही तिकडे लागू नाही. खोकड तर उंदीर खाऊन तुमचंच काम करतो.

बघायला उपयोग आहे, पण उसात नाही. थर्मल पानाआडचं बघत नाही. पानाचा पृष्ठभाग जेवढा गरम तेवढंच दिसतं. बांधावर उभं राहून दाट उसाकडे बघितलं तर पानांची भिंत दिसेल, दहा फुटांवरचा बिबट्या नाही. "यंत्रात काही नाही म्हणजे उसात काही नाही" असं समजून आत शिरणं हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट. मोकळ्या वाटेवर, गोठ्याच्या अंगणात, शेताच्या कडेला मात्र दोनशे मीटरवरून जनावर उठून दिसतं. तेही रात्री उशिरा. मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता काळे दगड आणि विहिरीचा कठडा दिवसभराच्या उन्हाने इतके तापलेले असतात की सगळं शिवार पांढरं दिसतं. पहाटे तीननंतर बघा.

---

ओलं_कुरण

मनापासून आभार सगळ्यांचे. आकडे तपासले. प्रोफाइल तेच आहे, आडवे-उभे आकडे हलले नाहीत. म्हणजे लोखंड. रेलचा पुढचा स्क्रू नखाने फिरला. दोन बारीक शंका: गोळी लागल्यावर कोल्हा उंच गवतात पडला तर थर्मलमध्ये दिसेनासा होतो, तो शोधायचा कसा? आणि बॅटरी दोन तासांतच संपते, कंपनी सहा म्हणते.

---

घोड्याची_नाल

स्क्रू काढा, आटे स्पिरिटने पुसा, तेलाचा अंश राहू देऊ नका. निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब, लाल नको, तो पुढे सहज निघत नाही. मापाला आवळा, रात्रभर ठेवा, मग सहा गोळ्या. स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर पेनाने एक बारीक रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कळेल.

बॅटरी: सहा तास हा आकडा उबदार खोलीतला, रेकॉर्डिंग आणि वाय-फाय बंद ठेवून. दोन्ही बंद करा, स्क्रीनचा उजेड तळाला आणा. उजेड कमी केल्याने तुमचा डोळाही अंधाराला सरावलेला राहतो आणि गालावर प्रकाश पडत नाही. १८६५० मापाचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. थंड सेल रिकामा दिसतो, गरम केला की परत चालतो. शटर, म्हणजे चित्र स्वच्छ करायला यंत्रात मध्येच मिटणारा पडदा, आपोआप ऐवजी हाताने करा. आपोआप असेल तर नेम धरलेल्या क्षणी "टिक" होऊन चित्र अर्धा सेकंद गोठतं, आणि त्या अर्ध्या सेकंदात कोल्हा दोन पावलं पुढे गेलेला असतो.

---

मागे_माती

गोळी सुटली की डोकं वर करायचं नाही. लगेच दुसरं काडतूस भरा आणि दुर्बिणीतूनच ती जागा धरून ठेवा, एक मिनिट तरी. उठला तर तेव्हाच कळतं. मग रायफल रिकामी करून बाजूला ठेवा आणि जोडीदाराला टॉर्च घेऊन पाठवा. तुम्ही हातातल्या थर्मलमधून "डावीकडे, अजून दहा पावलं" सांगा. एकटे असाल तर निघण्याआधी मागच्या क्षितिजावरची एक खूण आणि कार्डावरचं अंतर पक्कं करा, तिथे पोचल्यावर सगळं कुरण सारखंच दिसतं. गवत उंच असेल तर बाजूने बघून उपयोग नाही, थेट वरून बघा, चार-पाच पावलांचे वेढे घालत. ताजं रक्त पानावर काही मिनिटं पांढरं चमकतं, नंतर विझतं. म्हणून वीस मिनिटं थांबून जाऊ नका.

सापडलं की हातमोज्याशिवाय हात लावू नका. खरूज झालेले कोल्हे बरेच असतात, ती तुमच्या कुत्र्याला आधी लागते.